दैवाला बोल लावू नका. दावा दाखल करा!

नवदीक्षित बौद्ध बंधु-भगिनींनो,

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मृगाचा पहिला वारा सुटला, की काळ्या रानातले विजेचे खांब कलतात, तारांना झोळ पडतो, आणि कोठेतरी एखादी तार तुटून बांधावर, पाणंदीत किंवा वस्तीच्या वाटेवर येऊन पडते. पहाटे अंधारात शेताकडे निघालेला कोणी माणूस तिच्यावर पाय देतो आणि जागच्या जागी गतप्राण होतो. त्यानंतर गावात तीन वाक्ये ऐकू येतात. गावपुढारी म्हणतात, "नशीब त्याचे!" वीज खात्याचा माणूस म्हणतो, "वादळापुढे कोण काय करणार?" पोलीस म्हणतात, "मर्ग दाखल केला आहे." आणि चौथे वाक्य आपल्या तोंडी घातले जाते. मृताच्या आईच्या किंवा पत्नीच्या जबाबाखाली ते लिहिले जाते आणि त्यावर तिचा अंगठा घेतला जातो : "माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही."

प्रस्तुत लेख या चौथ्या वाक्याविरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील एका खेड्यातून एक वृद्ध माता माझ्याकडे आली. तिच्या घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. तिचा एकुलता एक कमावता मुलगा तुटलेल्या तारेचा धक्का लागून मरण पावला होता. ती तार कित्येक दिवसांपासून हाताला लागेल इतकी खाली लोंबत होती. शेजाऱ्यांनी लाईनमनला दोनदा सांगितलेही होते, पण तोंडी; कागदावर एक अक्षर नव्हते. मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी त्या मातेने "तक्रार नाही" या वाक्याखाली अंगठा दिला. गावातल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितले, की त्याचे आयुष्यच तेवढे होते. ती माझ्याकडे आली तेव्हा मुलाच्या मृत्यूला दोन वर्षे आणि पाच महिने झाले होते. कायद्याची मुदत दोन वर्षांची! मी पुस्तके चाळली, कागद उलटेपालटे केले आणि शेवटी तिला खरे ते सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "वकीलसाहेब, मले कोनी सांगतलंच नाई. मंग माह्या पोराचं मरन फुकटच गेलं का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते दुसऱ्या कोणा मातेला विचारावे लागू नये, म्हणून आपणांस हे लिहीत आहे.

आपण प्रथम हे ध्यानी घ्या, की 'दैव' हा केवळ अडाणी समजुतीचा शब्द नाही. न्यायालयात तो प्रतिवादीचा बचाव आहे. इंग्रजी कायद्याने ज्या बचावाला 'ईश्वराचे कृत्य' असे नाव दिले, त्याचा अर्थ असा, की जे घडले ते मानवी शक्तीबाहेरचे होते, सबब आम्ही जबाबदार नाही. हा बचाव मांडण्याचे काम प्रतिवादीच्या वकिलाचे आहे, आणि त्याबद्दल त्यास वेतन मिळते. मृताच्या घरी बसून "देवाची करणी" असे म्हणणारा मनुष्य तेच काम विनावेतन करीत असतो. दुर्दैव असे, की पुष्कळदा तो मनुष्य आपल्यापैकीच असतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देवदेवतांचा आणि अवतारांचा त्याग आहे. परंतु देवाची तसबीर भिंतीवरून उतरविली आणि 'देवाची करणी' मनात तशीच राहिली, तर दीक्षा अर्धीच झाली असे म्हणावे लागेल. तथागतांची शिकवण कार्यकारणाची आहे. कारणावाचून काहीही घडत नाही, आणि कारण नाहीसे केले की कार्यही नाहीसे होते. मागील जन्मीच्या पापामुळे या जन्मी दुःख येते, ही समजूत बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खोडून काढली आहे. ज्या समजुतीने आपल्या पूर्वजांस अस्पृश्यता निमूटपणे सोसावयास लावली, तीच समजूत आज तुटलेल्या तारेचे समर्थन करीत आहे. तिला आपण घरात थारा का द्यावा?

येथे कोणी किसा गोतमीची कथा पुढे करील. मेलेले मूल घेऊन ती भगवंतांकडे आली, तेव्हा ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास त्यांनी तिला सांगितले. म्हणून बौद्धाने मृत्यू शांतपणे स्वीकारावा, असा उपदेश हे महाभाग करतील. ही धम्माची विटंबना आहे. मृत्यू सर्वांना आहे, एवढेच ती कथा सांगते. दुसऱ्याच्या हयगयीने कोणीही केव्हाही मरावे, असे ती सांगत नाही. शोक आवरण्यास शिकविणे निराळे आणि जबाब न विचारण्यास शिकविणे निराळे. पहिले तथागतांनी केले. दुसरे मात्र ज्यांस जबाब द्यावा लागेल तेच करतात.

आता कारणांचा शोध घेऊ. तार तुटली. का तुटली? ती जुनी होती, जागोजागी सांधलेली होती. झाडाच्या फांद्या तिला घासत होत्या. त्या पावसाळ्यापूर्वी छाटल्या नव्हत्या. खांब कलला होता, त्याची ताणतार ढिली होती. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, हे वऱ्हाडातल्या लहान पोरासही ठाऊक आहे. तेथे खांबाचा पाया किती खोल घ्यावा हे खांब रोवणाऱ्यास ठाऊक नव्हते काय? बरे, तार तुटली ती तुटली. तुटल्यावर तिच्यातील वीज चालू का राहिली? तार वाऱ्याने तुटली असेल, पण तुटलेल्या तारेत वीज काही वाऱ्याने ठेवली नव्हती.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वीच मागून ठेवले आहे. ज्या १९५६ साली आपण दीक्षा घेतली, त्याच साली भारतीय विद्युत नियम झाले. रस्त्यावरून अथवा सार्वजनिक जागेवरून जाणारी तार तुटली, तर ती आपोआप निर्धोक होईल अशी योजना तेथे असलीच पाहिजे, असे त्यांतील ९१ व्या नियमाने बंधन घातले. कमी दाबाची तार रस्ता ओलांडून जात असेल, तर ती जमिनीपासून ५.८ मीटरांहून खाली असता कामा नये, असे ७७ व्या नियमाने सांगितले. हे नियम पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि २०२३ च्या विनियमांनी बदलले. परंतु सुरक्षेचे हे बंधन गेले नाही. तेव्हा आपल्या वस्तीवरील तार जर माणसाच्या डोक्याला लागत असेल, तर तो वीजपुरवठा करणाऱ्याने केलेला नियमभंग आहे. तेथे दैवाचा काहीएक संबंध नाही.

यावर वीज देणाऱ्या संस्थेचे वकील म्हणतात, "आमची हयगय सिद्ध करा." ज्या विधवेला खांबाचा क्रमांकही वाचता येत नाही, तिने म्हणे त्यांच्या कचेरीतली हयगय सिद्ध करावी! परंतु सर्वोच्च न्यायालयाने हा भार तिच्या डोक्यावरून केव्हाच उतरविला आहे. मध्य प्रदेशात ऑगस्ट १९९७ मध्ये ३७ वर्षांचा एक कामगार रात्री कारखान्यातून सायकलीने घरी परतत होता. पावसाच्या पाण्यात जिवंत तार पडली होती. तिचा धक्का लागून तो मरण पावला. विद्युत मंडळाने बचाव केला, की कोणी तिऱ्हाइताने वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती. आमचा त्यात दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००२ रोजी हा बचाव साफ फेटाळला. वीज ही स्वभावतःच घातक वस्तू आहे. जो ती पुरवितो, त्याने ती लोकांस इजा करणार नाही अशा रीतीने सांभाळली पाहिजे. त्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, असे न्यायालयाने ठरविले. यालाच कायद्यात कठोर दायित्व म्हणतात. त्याचे मूळ इंग्लंडातील १८६८ च्या एका निवाड्यात आहे. एका गिरणीवाल्याने बांधविलेल्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, तेव्हा घातक वस्तू आपल्या जागी आणणाऱ्याने तिच्या उपद्रवाची भरपाई केली पाहिजे, असे तेथील सर्वश्रेष्ठ न्यायपीठाने सांगितले होते.

या निवाड्यातील 'तिऱ्हाइताची चोरी' हा भाग आपण विशेष लक्षात ठेवावा. कारण आपल्या वस्तीत अपघात झाला, की पहिला आरोप होतो तो आकड्याचा : "या लोकांनी आकडा टाकला असेल!" चौकशी होण्याआधीच निकाल तयार असतो. मध्य प्रदेशच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की तारेवरून कोणी वीज चोरील हे मंडळाने आधीच ओळखून तजवीज करावयास हवी होती. म्हणजे एकाच्या आकड्यामुळे दुसऱ्या निरपराध माणसाचा जीव गेला, तरी जबाबदारी टळत नाही.

सार्वजनिक मालमत्तेची निगा न राखणाऱ्याला न्यायालयाने काय म्हटले, याचे आणखी जुने उदाहरण दिल्लीचे आहे. चांदणी चौकातील नगरपालिकेचे घंटाघर कोसळले आणि त्याखाली माणसे ठार झाली. ती इमारत ऐंशी वर्षांची झाली होती. तिच्या वरच्या मजल्याचा चुना मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षेच टिकणारा होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रस्त्यालगतचे असे बांधकाम नीट ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि ते कोसळले हीच हयगयीची साक्ष होय. दिसणारा दोष असो वा तपासणीने कळणारा असो, मालकाची सुटका नाही. आपल्या शिवारातील गंजलेले खांब आणि उघड्या पेटीच्या डीप्या यांना हेच माप लावून पाहा.

प्रतिपक्षाच्या बाजूचाही एक निवाडा आहे. तो आपल्यापासून लपविणे वकिलास शोभणार नाही. राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक पादचारी मेला; त्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेस जबाबदार धरले नाही. परंतु झाड हे झाड आहे. त्याच्या अंगी मारण्याची शक्ती कोणी भरलेली नसते, आणि त्याच्या सावलीचे दरमहा बिल कोणी आकारत नाही. तारेतली वीज पुरविणाऱ्यानेच सोडलेली असते आणि तिचे मोल तो घेत असतो. वादळाचे म्हणाल, तर अनपेक्षित आणि असाधारण अशा आपत्तीसच 'ईश्वराचे कृत्य' म्हणता येते. मृगाचा वारा दरसाल जूनमध्ये येतो. जे प्रत्येक दिनदर्शिकेत छापलेले असते, ते अनपेक्षित कसे?

"पण आपण गरिबांनी एवढ्या मोठ्या संस्थेशी कज्जा करावा काय?" असे आपण विचाराल. आपण कोणाचे अनुयायी आहोत हे आठवा. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले. ते तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे होते. स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला, तेव्हा बाबासाहेब "आम्ही पाणी प्यालो, पुरे झाले" असे म्हणून घरी बसले नाहीत. तो दावा त्यांनी शेवटपर्यंत लढविला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. पूर्ण दहा वर्षे! सार्वजनिक वस्तूवर आपला हक्क आहे, हे त्यांनी तळ्यावर आणि न्यायालयात, दोन्ही ठिकाणी सिद्ध केले.

विजेशी तर बाबासाहेबांचा संबंध याहूनही निकटचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, आणि विद्युत्शक्तीचा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणाविषयी नेमलेल्या समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, आणि देशाच्या दारिद्र्याच्या निवारणाशी तिचा संबंध जोडला. १९४४ साली त्यांच्याच खात्याखाली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. ज्या विजेकडे त्यांनी दारिद्र्य हटविण्याचे साधन म्हणून पाहिले, तीच वीज आपल्या वस्तीत मृत्यूचे साधन व्हावी आणि आपण त्याला नशीब म्हणावे, यासारखा त्यांचा दुसरा अवमान कोणता?

आता मदतीविषयी. अपघातानंतर काही दिवसांनी साहेब येतात, पुढारी येतात, धनादेश देतानाचे छायाचित्र काढले जाते. ती मदत अवश्य घ्या. घरात चूल पेटली पाहिजे. परंतु मदत आणि नुकसानभरपाई यांत दान आणि हक्क यांइतके अंतर आहे. मदत किती द्यावी हे देणारा ठरवितो. भरपाई न्यायालय ठरविते, आणि ती मृताचे वय, त्याची कमाई व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ठरविते. "यापुढे आमची काही मागणी नाही" असे लिहिलेल्या कागदावर मात्र सही किंवा अंगठा देऊ नका. आपण भीक मागण्याची वृत्ती टाकली ती दीक्षाभूमीवर. पंचनाम्याच्या वेळी ती परत उचलू नये.

हक्क मागणाऱ्याने स्वतःचे वर्तनही चोख ठेवले पाहिजे. आकडा टाकणे ही चोरी आहे, आणि चोरी न करण्याचे शील आपण घेतले आहे. आकडा टाकताना जो स्वतः दगावला, त्याचा दावा उभा करणे फार कठीण जाते. जयंतीच्या मिरवणुकीत लोखंडी गज, उंच रथ आणि ध्वजाच्या काठ्या तारांखालून नेणे थांबविले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये विरार येथे जयंतीच्या मिरवणुकीत असा लोखंडी भाग रोहित्राला लागून दोन जणांचे प्राण गेले. बाबासाहेबांच्या जयंतीस घरोघर आनंद व्हावा, आकांत होऊ नये.

तर मग करावे काय? तार लोंबू लागली, खांब कलला, की लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगणे कोर्टात उभे राहत नाही. अपघात झालाच तर तारेला कोणी हात लावू देऊ नका, प्रथम पुरवठा बंद करवा आणि जागेची छायाचित्रे घ्या. पोलिसांत जबाब देताना तार केव्हापासून लोंबत होती, कोणास कळविले होते, हे लिहून घ्यावयास लावा. अकस्मात मृत्यूची ही चौकशी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे. "तक्रार नाही" हे वाक्य त्यात लिहू देऊ नका. विद्युत अधिनियम, २००३ च्या १६१ व्या कलमाप्रमाणे अपघाताची खबर विद्युत निरीक्षकास द्यावीच लागते. मृत्यू झाला असल्यास २४ तासांच्या आत. या निरीक्षकाचा अहवाल हा दाव्याचा कणा होय. तो मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. शवचिकित्सेचा अहवाल जपून ठेवा.

आणि मुदत विसरू नका. १८५५ च्या घातक अपघात अधिनियमाखाली पत्नी, पती, आईवडील व मुले यांच्यासाठी भरपाई मागता येते. परंतु मुदत अधिनियमाने त्यास मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षेच दिली आहेत. "आधी उच्च न्यायालयात जाऊ" असे कोणी सांगितले, तर हेही जाणा, की जेथे घटनेविषयीच वाद आहे तेथे दिवाणी न्यायालयातच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ओरिसाच्या एका प्रकरणात सांगितले आहे. नागपूर खंडपीठाच्या वाटेवर ही दोन वर्षे खर्ची पडू देऊ नका.

पैसा नाही म्हणून मागे राहू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस आणि बालकास, उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. "बौद्ध झालात, आता सवलत गेली" असे कोणी भिवविले तर त्यास सांगा, की १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. ती दुरुस्ती होईपर्यंत केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या समाजाला चौतीस वर्षे झगडावे लागले. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क अज्ञानाने वाया घालवू नका. बुलढाण्यास जिल्हा प्राधिकरण आहे, तालुका न्यायालयांत समित्या आहेत, आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

शेवटी प्रत्येक विहाराच्या समितीस माझी एक विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. दर मे महिन्यात वस्तीतले खांब, तारा आणि डीप्या पाहून त्यांची नोंद करा, तक्रारी पाठवा आणि त्यांच्या पोच त्या वहीत चिकटवा. कोणाच्या घरी असे मरण ओढवले, तर वंदनेनंतर त्या घरी दोन माणसे पाठवा : एकाने शोक करणाऱ्यांजवळ बसावे, दुसऱ्याने कागद गोळा करावेत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुदतीची तारीख सर्वांदेखत वाचून दाखवा.

ज्या मातेस मी रिकाम्या हाताने परत पाठविले, तिच्या गावच्या विहारात अशी एक वही असती, तर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते. आपल्या विहारात ती आहे काय?

जयभीम! नमो बुद्धाय!